शेवटची लढाई कोण लिहिणार?

मे २०२५ मधल्या एका शनिवारी सकाळी आमच्या कॉलेजच्या चौघांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक बातमी येऊन पडली. हा ग्रुप एरवी लग्नपत्रिका आणि अप्रेझलची रडगाणी यांच्यावरच जगतो. बातमी अशी की ॲमेझॉननं ‘द व्हील ऑफ टाइम’ ही मालिका तीन सीझननंतर बंद केली. मूळ गोष्ट चौदा पुस्तकांची. पडद्यावर ती जेमतेम चौथ्या पुस्तकापर्यंत पोचली होती. एकानं लिहिलं, “म्हणजे आता जग वाचतच नाही?”

विनोद बरा होता, कारण या गोष्टीत खरोखरच जग वाचणार की नाही हाच प्रश्न आहे. खलनायक मोकळा सुटला तर सृष्टीच संपणार, आणि ॲमेझॉननं नायकाला वाटेतच घरी पाठवून दिलं. आम्ही दिवसभर त्यावर मीम टाकत बसलो. संध्याकाळी मात्र मला आठवलं की हा प्रश्न या जगाच्या बाबतीत आधीही एकदा विचारला गेला होता, आणि तेव्हा कुणी हसत नव्हतं. २००७ साली आम्ही चौघं प्राथमिक शाळेत असताना या गोष्टीचा लेखक वारला. अकरा पुस्तकं छापून झाली होती. शेवटची लढाई लिहायची राहिली होती.

त्या वेळी ते जग कसं वाचलं, याची ही हकिकत आहे.

*

आधी गोष्टीतलं संकट थोडक्यात सांगतो. तुम्ही पुस्तकं वाचली नसतील तरी अडणार नाही, आणि शेवट मी फोडणार नाही.

या जगात काळ म्हणजे एक चक्र आहे. त्याला सात आरे, म्हणजे सात युगं. एक युग जातं, त्याच्या आठवणींच्या दंतकथा होतात, दंतकथा विसरल्या जातात, आणि चक्र फिरून ते युग परत येतं तेव्हा कुणालाच काही आठवत नसतं. लेखकानं ही कल्पना हिंदू आणि बौद्ध विचारातून घेतली. त्यामुळे सेकंड इयरला असताना रद्दीच्या दुकानातून ऐंशी रुपयांना आणलेलं पहिलं पुस्तक उघडलं, तेव्हा मला ते परकं वाटलंच नाही. युगं येतात, जातात. आपल्याकडे हे आजीच्या गोष्टींतूनच कळलेलं असतं.

पण एक फरक होता, आणि त्यानंच मी अडकलो. आपल्या गोष्टींत चक्राला धोका नसतो. कलियुग कितीही वाईट असलं तरी पुढे सत्ययुग आहे. इथे सृष्टीबाहेरच्या एका तुरुंगात ‘डार्क वन’ नावाची शक्ती कोंडलेली आहे आणि तिला चक्रच मोडून टाकायचंय. ती जिंकली तर पुढचं युग येणारच नाही.

हा तुरुंग फुटला कसा, तो भाग तर इंजिनिअरांसाठीच लिहिल्यासारखा आहे. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या सुवर्णयुगात काही संशोधक शक्तीचा नवा स्रोत शोधत होते. त्यांनी वास्तवालाच एक भोक पाडलं, ते नेमकं या तुरुंगात निघालं. पुढे युद्ध पेटलं. ल्यूज थेरिन नावाच्या नेत्यानं ते भोक बुजवायची योजना मांडली. जादू जाणणाऱ्या स्त्रियांना ती धोक्याची वाटली आणि त्यांनी साथ द्यायला नकार दिला. मग तो शंभरेक पुरुष घेऊन गेला आणि सात मुद्रांचं झाकण ठोकून आला. झाकण बसलं. पण त्याच क्षणी डार्क वननं उलटा वार केला. पुरुषांच्या वाट्याची जादू नासली, ती वापरणारे सगळे वेडे झाले, आणि त्या वेडाच्या भरात त्यांनी डोंगर हलवले, समुद्र सरकवले, जग मोडून ठेवलं. शुक्रवारी रात्री रिव्ह्यू न करता प्रॉडक्शनवर टाकलेल्या हॉटफिक्सची याहून चांगली गोष्ट मी वाचलेली नाही.

आता ते झाकण सैल होतंय. ते पुन्हा बसवायचं काम एका धनगराच्या घरात वाढलेल्या पोराच्या, रँड अल’थॉरच्या गळ्यात पडतं. त्यालाही तीच नासलेली जादू वापरायची आहे, म्हणजे वेड लागायच्या आत जग वाचवायचंय.

*

हे जग रचणारा रॉबर्ट जॉर्डन. खरं नाव जेम्स ऑलिव्हर रिग्नी ज्युनियर, जन्म १९४८, गाव अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायनामधलं चार्ल्सटन. तो व्हिएतनाममध्ये हेलिकॉप्टरवर बंदूकधारी म्हणून दोन फेऱ्या करून आला, मग भौतिकशास्त्रात पदवी घेतली आणि अमेरिकन नौदलासाठी अणुइंजिनिअर म्हणून काम केलं. म्हणजे आपल्याच बिरादरीतला माणूस. एका अपघातानंतर बरं होत असताना तो लिहायला लागला. त्याची संपादक हॅरिएट मॅकडूगल पुढे त्याची बायको झाली, आणि शेवटपर्यंत त्याची संपादकही राहिली. हे नाव लक्षात ठेवा. या हकिकतीत सर्वांत महत्त्वाचं काम तिनं केलंय.

पहिलं पुस्तक, ‘द आय ऑफ द वर्ल्ड’, जानेवारी १९९० मध्ये आलं. जॉर्डनचा अंदाज होता तीन पुस्तकांचा. ‘टॉर’ प्रकाशनाच्या टॉम डोहर्टींना माणूस ठाऊक होता, त्यांनी सहाचा करार केला. झाली चौदा. आमच्या धंद्यात याला एस्टिमेट म्हणतात.

सुरुवातीला वेग अचाट होता. १९९० ते १९९४ या पाच वर्षांत सहा जाडजूड पुस्तकं आली. मग पुढची १९९६, १९९८, २०००, २००३ आणि २००५ मध्ये. नुसती सालं पाहिली तरी कळतं की काहीतरी जड होत चाललंय. नावं असलेली पात्रंच २,०००हून अधिक झाली होती. दर पुस्तकात नवे धागे सुरू व्हायचे, जुने बंद होत नव्हते. नवव्या पुस्तकाच्या शेवटी एक प्रचंड घटना घडते. दहावं पुस्तक उघडावं तर बरीचशी पात्रं, ती घटना लांबून जाणवली तेव्हा आपण काय करत होतो, हेच सांगत बसलेली. दोन वर्षांहून अधिक वाट पाहिलेले वाचक भडकले. मी हे सगळं झाल्यावर वाचलं, दहावं पुस्तक हॉस्टेलवर दोन रात्रींत ढकललं आणि अकरावं उचललं. त्या वेळच्या वाचकांकडे ‘अकरावं उचलणं’ हा पर्याय नव्हता, हे तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही.

अकराव्यात गाडी रुळावर आली. जॉर्डननं सांगून टाकलं की आता एकच पुस्तक उरलंय. कितीही जाड झालं, वाचकाला ते न्यायला हातगाडी लागली, तरी एकच, असं तो गमतीनं म्हणायचा.

मार्च २००६ मध्ये त्यानं जाहीर केलं की आपल्याला अमायलॉइडोसिस झालाय. या दुर्मीळ आजारात एक बिघडलेलं प्रथिन शरीरातल्या अवयवांत साचत जातं. त्याच्या बाबतीत ते हृदयाच्या भिंतींत साचत होतं. उपचार घेतले तरी साधारण चार वर्षं, असा हिशेब डॉक्टरांकडे होता. जॉर्डनला तो मान्य नव्हता. आपल्याकडे अजून तीस वर्षांची पुस्तकं शिल्लक आहेत, असं त्यानं चाहत्यांना कळवलं.

इथे या हकिकतीतलं खरं वळण येतं. आजाराच्या आधी, ‘तुम्हाला काही झालं तर?’ असं वाचकांनी विचारलं की जॉर्डनचं उत्तर ठरलेलं होतं: हार्ड डिस्क पुसून टाकायची, टिपणं फाडून टाकायची, दुसऱ्या कुणी या जगाला हात लावायचा नाही. ते उत्तर समजण्यासारखं आहे. वीस वर्षं खपून उभ्या केलेल्या घरात परक्यानं येऊन भिंती पाडाव्यात, हे कुणाला आवडेल?

मरण समोर आल्यावर मात्र त्यानं उत्तर बदललं. शेवटच्या महिन्यांत तो जमेल तितकं लिहीत होता. लिहिणं झेपेना तेव्हा बोलून सांगत होता. शेवटचा प्रसंग त्यानं आधीच लिहून ठेवला होता. उरलेली गोष्ट, कोण जगतं, कोण मरतं, कोणता धागा कुठे सुटतो, हे त्यानं घरच्यांना बसवून सांगितलं. १६ सप्टेंबर २००७ रोजी तो गेला. वय ५८.

*

लेखक गेल्यावर त्याच्या जगाचं काय करायचं, याची तोवर एक थोर वहिवाट होती. जे. आर. आर. टॉल्किन २ सप्टेंबर १९७३ रोजी वारला, तेव्हा ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ छापून, गाजून झालं होतं. मराठीत ते मुग्धा कर्णिक यांनी ‘स्वामी मुद्रिकांचा’ या नावानं आणलंय. पण त्याच्या आधीच्या हजारो वर्षांचा इतिहास, जो टॉल्किन आयुष्यभर लिहीत आणि खोडत होता, तो कागदांच्या ढिगात पडून होता. मुलगा ख्रिस्तोफर ऑक्सफर्डमध्ये शिकवत होता. त्यानं ती नोकरी सोडली. १९७७ मध्ये त्या ढिगातून सलग वाचता येईल असं ‘द सिल्मरिलियन’ काढलं. मग बहुधा त्यालाच वाटलं की सलग करण्याच्या नादात आपण नको इतका हात चालवला. कारण १९८३ ते १९९६ या काळात त्यानं तेच कागद, खाडाखोडीसकट आणि स्वतःच्या टिपांसकट, बारा खंडांत छापले. शेवटचं पुस्तक २०१८ मध्ये काढलं, तेव्हा तो नव्वदी ओलांडून गेला होता. लहानपणी वडिलांच्या तोंडून गोष्टी ऐकलेल्या मुलानं आपलं उरलेलं आयुष्य त्या नीट लावण्यात घातलं.

दुसरी वाट टेरी प्रॅचेटची. योगायोग पाहा: जॉर्डनचं पुस्तक कोण पुरं करणार हे डिसेंबर २००७ मध्ये जाहीर झालं आणि त्याच महिन्यात प्रॅचेटनं आपल्याला अल्झायमरचा एक दुर्मीळ प्रकार झाल्याचं जगाला सांगितलं. त्याचं ‘डिस्कवर्ल्ड’ म्हणजे एका महाकाय कासवाच्या पाठीवरच्या चार हत्तींनी तोललेलं सपाट जग. तो २०१५ मध्ये गेला, तोवर या जगाच्या ४१ कादंबऱ्या लिहून झाल्या होत्या. अर्धवट राहिलेलं लेखन असलेली आपली हार्ड डिस्क रोडरोलरखाली चिरडावी, अशी त्याची इच्छा होती. २५ ऑगस्ट २०१७ रोजी इंग्लंडमधल्या डॉर्सेट परगण्यात वाफेच्या यंत्रांची जत्रा भरली होती, तिथे ‘लॉर्ड जेरिको’ नावाच्या जुन्या वाफेच्या रोलरखाली ती खरोखर घातली गेली. रोलर फिरूनही ती पुरती मोडेना, म्हणून मग दगड फोडायच्या यंत्रात टाकली. आपल्या पश्चात आपली हार्ड डिस्क इतकी टिकाऊ निघाली, हे पाहून प्रॅचेट खूश झाला असता.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी हळहळलो होतो. बॅकअपशिवाय फाइल उडवणं आमच्या संस्कृतीत पाप आहे. पण नंतर विचार केला तेव्हा वाटलं की प्रॅचेट बरोबर होता आणि जॉर्डनही बरोबर होता. डिस्कवर्ल्डच्या बहुतेक कादंबऱ्या आपापल्या जागी पूर्ण आहेत. बेचाळिसावी आली नाही म्हणून पहिल्या एक्केचाळीस अडून राहत नाहीत. जॉर्डनचं तसं नव्हतं. तिथे लाखो वाचक अकरा पुस्तकांचा पूल चढून मधोमध उभे होते आणि पुढे कमान नव्हती.

*

जॉर्डन गेला त्या आठवड्यात ब्रँडन सँडरसन नावाच्या एका तरुण लेखकानं आपल्या वेबसाइटवर त्याला श्रद्धांजली लिहिली. पंधराव्या वर्षाच्या आसपास दुकानात ‘द आय ऑफ द वर्ल्ड’ हाती लागलं आणि त्या पुस्तकांवर वाढूनच तो लेखक झाला होता. त्याची स्वतःची मोजकीच पुस्तकं आली होती. वय ३१. कुणीतरी ती श्रद्धांजली छापून हॅरिएटच्या हाती ठेवली. तिनं ती वाचली, त्याची ‘मिस्टबॉर्न’ ही कादंबरी मागवली आणि त्याला फोन केला. फोनवर त्याला धड बोलताच येईना. नंतर त्यानं ईमेल लिहून खुलासा केला की आपण एरवी इतके बावळट नाही.

हॅरिएटचा निर्णय किती धाडसाचा होता ते पाहा. नवरा जाऊन काही आठवडे झालेत. प्रकाशकाकडे नावाजलेले लेखक आहेत. आणि ती निवडते एका वाचकाला, ज्याला ही गोष्ट पुरी झालेली हवी आहे.

सँडरसन चार्ल्सटनच्या घरी पोचला तेव्हा त्यानं आधी शेवट मागितला. जॉर्डननं लिहून ठेवलेला शेवटचा प्रसंग वाचला आणि मग बाकीचे कागद. शेवटच्या पुस्तकासाठीचं साहित्य साधारण २०० पानांचं होतं: काही पूर्ण प्रसंग, काही अर्धे, काही नुसती वाक्यं, काही ठिकाणी याचं असं होईल किंवा तसं होईल अशी दोन उलट टिपणं. त्याशिवाय जगाच्या तपशिलांच्या फाइलींचा डोंगर. तो डोंगर कुठे कसा चढायचा, हे जॉर्डनच्या दोन सहायकांना, मारिया सिमन्स आणि ॲलन रोमानचुक यांना ठाऊक होतं. कोणत्या पात्राचे डोळे कोणत्या रंगाचे, कोण कुणाला कधी भेटलंय, हे ती दोघं तपासत. हॅरिएट ओळ न् ओळ संपादित करी.

एका पुस्तकात मावणार नाही हे लवकरच कळलं. ‘द गॅदरिंग स्टॉर्म’ २००९ मध्ये, ‘टॉवर्स ऑफ मिडनाइट’ २०१० मध्ये आणि ‘अ मेमरी ऑफ लाइट’ जानेवारी २०१३ मध्ये आलं. या शेवटच्या पुस्तकात ‘द लास्ट बॅटल’ हे एकच प्रकरण दोनशेच्या आसपास पानांचं आहे. ते मी परीक्षेच्या आदल्या दिवशी वाचायला घेतलं, हा माझा गाढवपणा.

आता खरं सांगायचं तर सांधा दिसतो. बाराव्या पुस्तकात गेल्यावर वाक्यं आखूड होतात. जॉर्डन कपड्यांच्या किनारीचं वर्णन करायला अर्धं पान घेत असे, ते एकदम थांबतं आणि घटना धावायला लागतात. मॅट नावाचं एक पात्र आहे: जुगारी, आळशी, आपण शूर आहोत हे स्वतःपासूनही लपवणारा. जॉर्डनचा मॅट आपण विनोदी आहोत हे जाणत नाही. सँडरसनचा मॅट सुरुवातीला विनोद करायला लागला. वाचकांनी लगेच पकडलं. सँडरसननं ते कबूल केलं आणि पुढच्या पुस्तकांत त्याला सावरायचा प्रयत्न केला. ही पुस्तकं जॉर्डननं लिहिली असती तर जास्त चांगली झाली असती, हे तो स्वतःच सांगत आलाय.

*

कोविडनंतर घरून काम चालू होतं तेव्हा मी काही महिने गावी आजीकडे होतो. एका संध्याकाळी तिला ही सगळी कथा सांगितली. कुठला तो लेखक, कुठली ती बायको, कसा तो पोरगा. आजीनं शेंगा सोलता सोलता ऐकलं आणि म्हणाली, “म्हणजे गावबाच की.”

मला गावबा माहीत नव्हता. तिला माझी कीव आली. मग तिनं सांगितलं. पैठणला एकनाथ महाराज ‘भावार्थ रामायण’ लिहीत होते. युद्धकांडापर्यंत आले, त्याचे चव्वेचाळीस अध्याय झाले आणि नाथांना कळलं की आता आपल्या हातून पुरं होणार नाही. नाथांच्या घरी गावबा नावाचा एक मुलगा होता. रोज पुरणपोळी हवी म्हणून आईनं कंटाळून नाथांकडे आणून सोडलेला, सगळ्यांच्या लेखी मठ्ठ. उरलेलं रामायण हा लिहील, असं नाथ म्हणाले. मुलगा हरिपंडित चांगला शास्त्री होता, त्याला सोडून पुरणपोळ्या खाणारं हे पोर! लोक हसले. पुढचं रामायण गावबानं लिहिलं, अशी परंपरा आहे. “आणि वाचताना कळत नाही कुठे नाथ संपले ते,” आजी म्हणाली. मग जरा थांबून, “म्हणजे मला तरी नाही कळत.”

गावबाची गोष्ट परंपरेनं सांगितलेली आहे, तिला इतिहासाचा दाखला म्हणून मी पुढे करत नाही. पण तिच्या मागे लागल्यावर एक गोष्ट सापडली. याच एकनाथांनी १५८४ च्या सुमारास ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली. तीनशे वर्षांत नकला करता करता तिच्यात चुका आणि भरती झाली होती, ती त्यांनी काढली. आणि यापुढे कुणी यात स्वतःच्या ओव्या घालू नयेत, अशी ताकीद शेवटी देऊन ठेवली. ज्ञानेश्वरी पूर्ण होती, तिला हात लावायचा नाही. रामायण अपुरं होतं, ते पुरं करायचं, मग करणारा पुरणपोळ्या खाणारा का असेना. प्रॅचेट आणि जॉर्डन यांच्यात मला जो फरक दिसला होता, तो नाथांना सव्वाचारशे वर्षांपूर्वी दिसला असावा असं वाटून मी जरा वरमलो.

*

आजीला मी ही कथा का सांगितली, ते तिला सांगितलं नव्हतं.

आमच्या टीममध्ये एक सीनियर होते, सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. विम्याचे हप्ते मोजणारं एक मॉड्यूल होतं, त्याच्या आत काय चालतं ते फक्त त्यांनाच माहीत. एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत ते गेले. बुधवारी कॉलवर खोकत होते, पुढच्या बुधवारी नव्हते. केटी, म्हणजे काम समजावून देणं, झालंच नव्हतं. चाळिशीतल्या माणसाला ‘तुमच्यानंतर हे कोण बघणार’ असं कोण विचारतं?

मॉड्यूल माझ्याकडे आलं. उघडलं तर आत मास्तर होते. कोडमधल्या कॉमेंट त्यांनी रोमन लिपीत पण मराठीत लिहिल्या होत्या. ‘इथे हात लावू नये, मार्च एंडला फुटतं.’ ‘हे असं का, ते मला विचारू नका, क्लायंटला विचारा.’ आणि एका अर्ध्या राहिलेल्या फंक्शनच्या वर: ‘हे नंतर नीट करू.’

ते नीट करायला मला आठ महिने लागले. मी मास्तरांसारखं लिहीत नाही. ते एक लांबलचक फंक्शन लिहायचे, मी दहा तुकडे करतो. मध्ये एकदा माझ्या चुकीमुळे एक दिवसभर हप्ते चुकीचे निघाले. क्लायंटकडचे गृहस्थ सौजन्यानं म्हणाले, “मास्तर असते तर हे झालं नसतं.” खरंच होतं. मॅट बिघडला म्हणून वाचकांनी सुनावलं तेव्हा सँडरसनला काय वाटलं असेल, हे मला त्या दिवशी थोडंसं कळलं. ती पुस्तकं कॉलेजात वाचून झाली होती, पण त्यांची जन्मकथा मी त्या आठ महिन्यांत शोधून शोधून वाचली. मास्तरांनी पुरं केलं असतं तर चांगलंच झालं असतं, पण मास्तर नव्हते. तुलना माझ्या आणि त्यांच्या कामाची नव्हतीच. ती माझ्या वेड्यावाकड्या कामाची आणि अर्धवट फंक्शनची होती.

म्हणून जॉर्डनच्या बदललेल्या उत्तराचं मला इतकं वाटतं. डिस्क पुसा म्हणणं सोपं होतं, त्यात नाव निष्कलंक राहिलं असतं. आपल्या जगात दुसऱ्याचा हात दिसेल, चुका होतील, लोक नावं ठेवतील, हे सगळं दिसत असताना त्यानं सांगायला सुरुवात केली. त्याच्याच गोष्टीत चांगल्यांची बाजू ज्यासाठी लढते ते काय आहे? आदर्श जग नव्हे. चक्र फिरत राहावं, पुढचं युग यावं, इतकंच.

थांबायचं कुठे हेही त्या लोकांना कळलं. या जगात पुढच्या काळात घडणाऱ्या आणखी काही कादंबऱ्या जॉर्डनच्या मनात होत्या, पण त्यांच्याबद्दल कागदावर मोजकीच वाक्यं होती. वाचक मागत होते आणि खप तर इतका होता की ‘द गॅदरिंग स्टॉर्म’नं डॅन ब्राउनला खपाच्या यादीत वरून खाली ओढलं होतं. तरी हॅरिएट आणि सँडरसन यांनी त्या लिहायच्या नाहीत असं ठरवलं. जे अपुरं होतं ते पुरं केलं. जे सुरूच झालं नव्हतं त्याला हात लावला नाही.

शनिवारी रात्री मी ग्रुपवर एवढंच लिहिलं, “जग २०१३ मध्येच वाचलंय. पुस्तकं वाचा.” एकानं थम्सअप दिला. बाकी दोघांनी चौदा पुस्तकांचा हिशेब करून मौन पाळलं.

मग मी कपाटातून शेवटचं पुस्तक काढलं आणि शेवटची काही पानं पुन्हा वाचली. तीन पुस्तकं आपण सँडरसनच्या धावत्या वाक्यांबरोबर पळत आलेलो असतो. लढाई संपते. आणि अखेरच्या प्रसंगात चाल एकाएकी बदलते. वाक्यं लांबतात, संथ होतात, माणूस घाईत नाहीये असं जाणवतं. ही जॉर्डननं मरण्याआधी लिहून ठेवलेली पानं. सँडरसननं चार्ल्सटनला पोचल्यावर सर्वांत आधी मागितली होती तीच.

मास्तरांचं ते फंक्शन आता चालतं. वरची ‘हे नंतर नीट करू’ ही कॉमेंट नियमाप्रमाणे काढून टाकायला हवी. दर रिव्ह्यूत कुणीतरी नवीन पोरगं तसं सुचवतं. मी हो म्हणतो आणि ती राहू देतो.